अर्जावर सही करण्यापूर्वी



या सदराकडे आलेल्या पत्रांत या वेळी एक पत्र हैदराबादचे आहे. लिहिणारे गृहस्थ आपल्याच मराठी मुलखातील. नोकरीनिमित्त ते सहकुटुंब तिकडे गेले आणि आता बरकतपुऱ्यात भाड्याच्या घरात राहतात. बरकतपुरा म्हणजे काचीगुडा स्थानकापासून जवळचा, नारायणगुड्यास लागून असलेला भाग. मराठी माणसास हा परिसर अगदीच परका नव्हे. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये निघालेली केशव स्मारक शाळा नारायणगुड्यातच आहे. त्याच्या कितीतरी आधी, १९०७ मध्ये, ज्या मंडळींनी हैदराबादेत मराठी मुलांसाठी विवेकवर्धिनी शाळा काढली, त्यांतही केशवराव अग्रभागी होते. पत्रातील शाळा मात्र या दोहोंपैकी नव्हे. ती सरकारी आहे, आणि तिचे नाव मी येथे देत नाही.

या गृहस्थांचा मुलगा सातवीत शिकतो. त्याच्या वर्गावर तेलुगू शिकविणारे एक वयस्क सर आहेत, व त्यांचा उजवा हात थोडा थरथरतो. एका मुलाने त्यांची नक्कल करावयास आरंभ केला आणि सारा वर्ग हसू लागला. हे काही दिवस चालले. मग एके दिवशी कोणी तरी सरांच्या खुर्चीचा पाय सैल करून ठेवला. सर बसावयास गेले ते खाली पडले व त्यांचे मनगट मुरगळले. नक्कल करणाऱ्या मुलावर संशय गेला आणि त्याने कबूलही केले. तेव्हा दुसऱ्या एका शिक्षकाने त्यास लाकडी पट्टीने असे मारले की तळहात सुजून दोन दिवस त्याला घास उचलता येईना.

त्यानंतर पालकांची सभा भरली व सभेत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की मुले हाताबाहेर गेली आहेत, शिक्षकांच्या हातून छडी काढून घेतल्याचा हा परिणाम आहे, आणि या मुलाचे नाव शाळेतून कमी केलेच पाहिजे. दुसरा तट म्हणतो की मारणाऱ्या शिक्षकास निलंबित केल्यावाचून आम्ही उठणार नाही. पहिल्या तटाने अर्ज लिहिला असून आता घरोघरी सह्या गोळा करण्याचे काम चालू आहे. ज्या मुलाविषयी हे सारे चालले होते त्याची आई सभेस आली होती. ती चार घरची धुणीभांडी करते. ती दाराशीच उभी राहिली, तिला कोणी बसावयास सांगितले नाही व काही विचारलेही नाही, एवढे आमच्या पत्रलेखकांनी आवर्जून लिहिले आहे.

येथपर्यंत ही गोष्ट कोणत्याही गावच्या शाळेत घडावी तशीच आहे. परंतु पत्राचा खरा भाग पुढे आहे. सभेच्या रात्री जेवणे आटोपल्यावर त्यांच्या मुलाने आईजवळ रडत सांगितले की खुर्चीचा पाय सैल केला आहे हे मला आधीपासून ठाऊक होते. आणखी दोघांना ठाऊक होते. आम्ही कोणी बोललो नाही.

आता त्या पित्याचे प्रश्न असे आहेत. फादर, मी त्या अर्जावर सही करावी की नाही? मुलाने सांगितलेली गोष्ट शाळेत सांगावी की घरातच ठेवावी? आणि मुलाला मारावे की मारू नये? ते लिहितात की आमच्या वडिलांनी आम्हांस चांगले बदडले म्हणून आम्ही सरळ राहिलो.

शेवटला प्रश्न आधी घेतो, कारण तो पुष्कळ घरांतला आहे. छडी आणि विद्या यांची गाठ बांधणारी म्हण आपणांपैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकली आहे, आणि ख्रिस्ती घरांत तर तिच्या जोडीस पवित्र शास्त्राचा आधारही काढला जातो. नीतिसूत्रांच्या तेराव्या अध्यायात छडी आवरणाऱ्या बापाविषयी जे वचन आहे ते बायबल न वाचणाऱ्या माणसालाही पाठ असते. पण इब्री भाषेत त्या वचनात छडीसाठी जो शब्द आहे, तोच शब्द तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या काठीसाठी आलेला आहे, आणि तेथे ती काठी भक्तास धीर देणारी आहे. मेंढपाळ काठीने लांडग्यास हाकलतो आणि वाट चुकणाऱ्या कोकराला वाटेवर वळवून घेतो. ती कोकराची पाठ सुजविण्यासाठी नसते. संत पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात बापांना निराळी ताकीदच देऊन ठेवली आहे की त्यांनी आपल्या मुलांना चिडीस आणू नये. हे वचन आपल्या घरांत क्वचितच ऐकू येते. वडिलांनी बदडले म्हणून आम्ही सरळ राहिलो, असे म्हणणाऱ्यांस मी नेहमी विचारतो की वडिलांजवळ तुम्ही कोणत्या गोष्टी कधीच बोलू शकला नाहीत? बहुधा उत्तर येण्यास वेळ लागतो.

या प्रकरणात तर एक गोष्ट उघड आहे. मुलगा आपण होऊन बोलला. त्याला कोणी पकडले नव्हते आणि त्याचे नाव कोणी घेतले नव्हते. त्या रात्री तो आईकडे आला, कारण तेथे ऐकून घेतले जाईल असा त्यास भरवसा वाटला. त्या भरवशाच्या बदल्यात त्यास मार मिळाला, तर पुढच्या वेळी तो येणार नाही. चौदाव्या वर्षी, सोळाव्या वर्षी याहून मोठी गोष्ट त्याच्या पोटात असेल आणि ती आईबापांस सर्वांत शेवटी कळेल.

लूकच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायाचा शेवट आपण पवित्र कुटुंबाच्या सणास ऐकतो. येशू त्या वेळी बारा वर्षांचा आहे, म्हणजे आपल्या शाळेच्या हिशेबाने सहावी-सातवीतला. आईबापांस न सांगता तो यरुशलेमात मागे राहतो, आणि तीन दिवसांनी तो मंदिरात सापडतो. मरीया त्या वेळी काय करते? ती त्याला प्रश्न विचारते. तू असे का केलेस, हा तो प्रश्न, आणि त्याच्या पाठोपाठ ती आपल्या व योसेफाच्या जिवाची झालेली तगमग त्यास सांगते. मुलाने दिलेले उत्तर दोघांनाही नीट समजले नाही असे लूक स्पष्ट लिहितो. तरीही तो त्यांच्याबरोबर नासरेथास गेला व त्यांच्या आज्ञेत राहिला. प्रभूचे राहणे हे पाप नव्हते आणि आमच्या मुलांच्या खोड्यांशी त्याची तुलना होत नाही, हे मी जाणतो. तथापि बारा वर्षांच्या मुलासमोर आईने कसे उभे राहावे याचा धडा तेथे आहे. आधी विचारावे, आणि आपल्याला काय वाटले तेही सांगावे.

म्हणून मुलास विचारा की तू गप्प का राहिलास. पत्रात याचे अर्धे उत्तर आलेलेच आहे. तो वर्गात नवा होता. तेलंगणात २०१८ च्या कायद्याने शाळांतून तेलुगू विषय सक्तीचा झाला आहे, आणि मराठी घरातून आलेल्या या मुलाचे तेलुगू उच्चार ऐकून मुले त्याला चिडवीत. त्या दिवसांत त्यास आपल्या शेजारी प्रथम कोणी बसवून घेतले, तर याच मुलाने, ज्याचे नाव आता शाळेतून काढावयाचे आहे. तेव्हा त्या गप्प राहण्यात भय होते तशीच मैत्रीही होती. मैत्री राखली हे वाईट नव्हे. पण ज्यांचा हात थरथरतो अशा वृद्ध माणसास पडू दिले, हे वाईटच आहे. या दोन्ही गोष्टी त्यास वेगळ्या करून दाखवाव्या लागतील. छडीने हे होत नाही, कारण छडी सगळ्यावर एकच वळ उठविते.

आता शाळेतील माराविषयी. ‘छडी काढून घेतली’ असे सभेत म्हटले गेले, म्हणून कायदा काय आहे ते आईबापांस ठाऊक असलेले बरे. तत्कालीन आंध्र प्रदेश सरकारने २००२ मध्येच आपल्या शिक्षण नियमांत दुरुस्ती करून शाळेतील शारीरिक शिक्षेस मनाई केली होती. पुढे २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला व तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने मुलाला मारणे तर वर्ज्य केलेच, पण त्याचा मानसिक छळ करणेही वर्ज्य केले. सर्वांसमोर त्यास ‘बिनकामाचा’ म्हणणे, त्याच्या जातीवरून, गरिबीवरून किंवा व्यंगावरून बोलणे, हे सारे त्यात येते. सोळावे कलम सांगते की प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पुरी होईपर्यंत कोणत्याही मुलास शाळेतून काढून टाकता येणार नाही. नापास करण्यासंबंधीचा नियम २०१९ मध्ये बदलला, पण काढून न टाकण्याचा नियम बदललेला नाही. तेव्हा घरोघरी फिरणारा तो अर्ज जे मागतो ते मुख्याध्यापकांना कायद्याने देताच येणार नाही. फार तर असे होईल की त्या मातेस बोलावून, ‘तुम्हीच आपण होऊन दाखला घेऊन जा’ असे तिच्या गळी उतरविले जाईल. कागदावर ते तिच्या इच्छेने झालेले दिसेल. अशा रीतीने शाळा सोडलेली मुले आपण आपल्या गावांतही पाहिली आहेत.

येथे एक गोष्ट आपल्याच घरची आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये असा निर्णय दिला की हा २००९ चा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही. आमच्या मिशनच्या शाळा त्यांत आल्या. आपल्या शाळा आपण चालवाव्या, या हक्काचे रक्षण झाले म्हणून आम्हांस समाधान वाटले व ते योग्यच आहे. परंतु तो निर्णय म्हणजे आमच्या शिक्षकांच्या, धर्मभगिनींच्या आणि धर्मगुरूंच्या हाती पुन्हा छडी दिली असा अर्थ कोणी करील, तर ती लज्जेची गोष्ट होईल. सरकारी शाळेतील गुरुजींना कायदा जे करू देत नाही, ते क्रुसाखाली बसणाऱ्या शाळेत घडावे काय? आमच्या कित्येक शाळांत शिस्तीचा लौकिक आहे आणि हिंदू-मुसलमान पालकही त्या लौकिकासाठी मुले आमच्याकडे पाठवितात. त्या लौकिकात प्रेमाचा वाटा किती व धाकाचा किती, हे प्रत्येक मिशन शाळेने वर्षातून एकदा स्वतःशी मोजून पाहावे असे मला वाटते.

काढून टाकण्याच्या शिक्षेवरून हैदराबादचाच एक जुना प्रसंग आठवतो. १९३८ साली निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला आणि त्यासाठी त्यांस विद्यापीठातून काढण्यात आले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे घेतले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले नरसिंह राव हे त्या तरुणांतले. त्यांचा अपराध, जर त्यास अपराध म्हणावयाचे असेल तर, फारच निराळ्या जातीचा होता. परंतु ते वयाने वाढलेले होते, काय करीत आहोत हे जाणत होते, आणि एक दार बंद झाले तेव्हा नागपूरचे दार उघडे होते. बारा वर्षांच्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलास नागपूर कोठले? त्यास एखाद्या चहाच्या टपरीवर पेले विसळण्याचे काम मिळेल, आणि मग आपल्यापैकी कोणी तेथे चहा पिताना म्हणेल की या पोराने शिकावयास हवे होते.

तेव्हा सही करू नये. पण केवळ सही न करणे एवढ्यानेही भागत नाही. तुमचा मुलगा या अपराधात भागीदार होता, हे तुम्हांस ठाऊक झाले आहे. ते ठाऊक असता दुसऱ्याच्या मुलास एकट्यालाच शिक्षा होऊ देणे हे गप्प राहणेच झाले. मुलगा वर्गात जसा गप्प राहिला, तसे आपण सभेत राहावयाचे काय?

काय करावे हे सांगताना मला संत योहान बोस्को यांच्या घरची एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्यांचा जन्म १८१५ मध्ये इटलीत तुरीन शहराजवळच्या एका वाडीत झाला. पुरती दोन वर्षांची वयही झाले नव्हते तोच वडील वारले, आणि आई मार्गारिटा हिने शेतात राबून मुले वाढविली. घराच्या कोपऱ्यात एक छडी उभी असे, पण ती कोपऱ्यातच राहिली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आठ-नऊ वर्षांचा असताना योहानाच्या हातून, आई बाहेर गेली असता, तेलाचे भांडे फुटले. तेल पुसण्याचा प्रयत्न करून पाहिला, पण ते काही निघेना. तेव्हा त्याने कुंपणातून एक फोक तोडली, ती सोलून तिच्यावर नक्षी काढली आणि आई येताना दिसताच सामोरा जाऊन ती तिच्या हाती दिली. काय झाले ते सांगितले आणि म्हणाला की मला शिक्षा होणे योग्य आहे. आईस हसू आले. मार काही बसला नाही. पण मुलगा स्वतः सामोरा आला होता आणि काय केले ते त्याने स्वतः सांगितले होते, ही गोष्ट विसरता कामा नये. मार्गारिटाचे शहाणपण त्या हसण्याच्या आधीच्या आठ वर्षांत आहे.

पुढे डॉन बोस्कोंनी रस्त्यावरची शेकडो मुले सांभाळली आणि १८७७ मध्ये आपली पद्धत लिहून ठेवली. तिचा आधार विवेक, धर्म आणि माया या तीन गोष्टींवर आहे. चूक होण्याआधीच वडीलधाऱ्यांनी मुलांमध्ये वावरावे, त्यांच्या खेळांत असावे, असे त्यांचे सांगणे होते. १८८४ मध्ये रोमहून धाडलेल्या पत्रात त्यांनी सहकाऱ्यांना बजावले की मुलांवर प्रेम करणे पुरेसे नाही, ते प्रेम मुलांना कळलेही पाहिजे. हे त्या वर्गाला लावून पाहा. नक्कल कित्येक दिवस चालली होती, वर्ग रोज हसत होता, आणि त्या सगळ्या दिवसांत एकही मोठा माणूस त्या वर्गाच्या जवळपास नव्हता. पट्टी मात्र एका क्षणात आली.

आता प्रत्यक्ष कृती. कुमसाराच्या संस्कारात आपणांस सारे शिकविलेले आहे, ते फक्त शाळेपर्यंत न्यावयाचे आहे. मनाचा शोध, पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई. तुम्ही मुलाला बरोबर घेऊन सरांच्या घरी जावे. बोलावयाचे ते मुलाने बोलावे, तेलुगूत, मोडक्या का होईना. तुम्ही शेजारी उभे राहावे, पण त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नये. नंतर खुर्ची दुरुस्त करण्याचे काम त्याने अंगावर घ्यावे. सुताराकडे ती त्यानेच न्यावी आणि पैसे त्याच्या खाऊच्या पैशांतून, थोडे थोडे करून, जावेत. जक्कयानेही प्रभूसमोर चौपट परत देण्याचे कबूल केले तेव्हा त्याच्या घरी तारण आले. दुसऱ्या दोघा मुलांची नावे त्याने सांगावीत काय, असा प्रश्न येईल. त्याने आपली गोष्ट सांगावी. त्या दोघांना आधी भेटून, ‘मी जाणार आहे, तुम्हीही या,’ एवढे म्हणावे. तो मित्रही बरोबर आला तर फारच उत्तम.

ज्या शिक्षकाने मारले त्यांच्याविषयी. त्यांनी केले ते चूक आहे व कायद्याविरुद्ध आहे, हे सभेत स्पष्ट शब्दांत सांगितले जावे आणि त्यांनी त्या मुलाची व त्याच्या आईची क्षमा मागावी. वृद्ध सहकारी पडला हे पाहून त्यांचा तोल गेला असेल. तोल गेलेल्या माणसाची भाकर काढून घेण्यासाठी आईबापांनी मोर्चा न्यावा असे मला वाटत नाही. पुन्हा घडले तर गोष्ट निराळी, मग वरिष्ठांकडे गेलेच पाहिजे.

याच २००९ च्या कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेस शाळा व्यवस्थापन समिती दिलेली आहे. तिच्या सभासदांत तीन चतुर्थांश आईबाप वा पालक असावे लागतात, आणि समितीत निम्म्या स्त्रिया. आपल्या गावांच्या जिल्हा परिषदेच्या शाळांतही ती आहे, पण कित्येकांस ती झेंडावंदनाच्या दिवशीच आठवते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयीच्या घोषणापत्रात आईबापांना मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक म्हटले आहे, आणि चर्चच्या विधिसंहितेचे ७९६ वे कलम आईबापांस व शिक्षकांस परस्परांशी जवळून सहकार्य करण्यास सांगते. म्हणजे सभेस जाणे ही केवळ नागरिकाची उठाठेव नव्हे. समितीकडे मागावयाचे ते असे: मधल्या सुट्टीत व शेवटच्या तासाला एखाद-दुसऱ्या पालकाने आळीपाळीने शाळेत हजर राहावे, सरांच्या वर्गात काही दिवस दुसरे शिक्षक सोबत असावेत, आणि कोणतीही शिक्षा ठरण्याआधी मुलास व त्याच्या आईबापांस बसवून त्यांचे ऐकून घेतले जावे.

सभा पुढल्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आहे असे पत्रात आहे. सरांकडे जावयाचे ते त्याच्या आधी. सभेत गोष्ट फुटल्यानंतर गेलात, तर मुलगा सापडला म्हणून आला असे होईल. आणि सभेस तुम्ही एकटे जाऊ नका, पत्नीस घेऊन जा. मुलाने गोष्ट त्यांना सांगितली होती. शिवाय दाराशी जी आई उभी राहते, तिला हात धरून आत आणून शेजारी बसविणे तुमच्यापेक्षा त्यांना अधिक चांगले जमेल.